गवती चहाचं तेल, एमसीएफ-७ पेशी आणि ४२ हा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात गवती चहाचं तेल स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर ४८ तास ठेवलं. एमटीटी तपासणीत (पेशींचा चयापचय रंगावरून मोजणारी चाचणी) आयसी५०, म्हणजे रीडिंग निम्म्यावर आणणारी मात्रा, ४२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाली. 'या तेलात कर्करोगविरोधी गुण आहेत' असं प्रबंधात लिहावं का? आणि घरात एक रुग्ण आहे, त्यांना हे तेल रोज दोन थेंब पोटात द्यायला हरकत आहे का?

दुसरा प्रश्न आधी संपवतो. देऊ नका. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'अजून नाही' असं आहे, आणि ते जरा सविस्तर द्यावं लागेल.

मी बरीच वर्षं सेल कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात, काढली आहेत, त्यातली निम्मी वनस्पतींचे अर्क आणि तेलं तपासण्यात. अर्क परवडले पण तेलं नकोत, असं आम्ही आपसांत म्हणायचो. तेल पाण्यात विरघळत नाही आणि जागेवर थांबतही नाही. पेशींना मात्र पाण्यातच जगायचं असतं. तुम्ही प्लेटवर ४२ लिहिलंत, पण त्या पेशींच्या वाट्याला ४८ तासांत प्रत्यक्ष किती तेल आलं, हे तुमच्या वहीत कुठेच नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात बाटलीपासून. तेल कुठून आणलं, कधी काढलं, कसं ठेवलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गवती चहाचं चांगलं तेल बहुतांशी सिट्रल असतं, साधारण ६५ ते ८५ टक्के. सिट्रल म्हणजे जेरानियल आणि नेराल या दोन जुळ्या अल्डिहाइडांचं मिश्रण. बाटली अर्धी रिकामी, काचेची पण पारदर्शक, खिडकीजवळ ठेवलेली असेल तर हवा आणि उजेड लागून सिट्रल बदलत जातं आणि काही महिन्यांत तुमच्या हातात वेगळंच मिश्रण उरतं. म्हणून ज्या दिवशी पेशींवर टाकायचं त्याच्या आसपास जीसी-एमएस, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी तपासणी, करून घ्या. यंत्रातल्या नोंदींच्या नुसत्या लायब्ररीतल्या जुळणीवर विसंबू नका. टर्पिनांचे, म्हणजे अशा तेलांतल्या सुगंधी घटकांचे, मास स्पेक्ट्रम एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की संगणक ठामपणे चुकीचं नाव सांगतो. रिटेन्शन इंडेक्सही, म्हणजे घटक यंत्रातून कधी बाहेर पडतो त्याचा आकडाही, जुळला पाहिजे. आणि वनस्पतीचा नमुना वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळखून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवा. एकाच नावाच्या झाडाची तेलं घटकांनी पार वेगळी निघतात. तुळशीचंच बघा. एका तुळशीच्या तेलात युजेनॉल भरपूर, दुसरीत मिथाइल चॅव्हिकॉल, तिसरीत मिथाइल युजेनॉल. यातलं मिथाइल युजेनॉल आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये 'माणसांत बहुधा कर्करोगकारक' या २ए गटात टाकलं आहे. म्हणजे 'तुळशीचं तेल कर्करोगावर' असं शीर्षक देणाऱ्याच्या बाटलीत नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय त्या शीर्षकाला काही अर्थ नाही.

जाता जाता आणखी एक गोंधळ. सगळीच 'औषधी तेलं' एका जातीची नसतात. ऊर्ध्वपातनाने निघतं ते उडनशील तेल. बिया दाबून निघतं ते स्थिर तेल, म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड. आणि वनस्पती तिळाच्या तेलात उकळून सिद्ध केलेलं तेल हे बहुतांशी तिळाचं तेलच असतं. हळदीच्या उडनशील तेलात टर्मेरोन असतात, करक्युमिन जवळपास नसतं, कारण ते वाफेबरोबर येत नाही. साळईच्या डिंकातली बोसवेलिक आम्लंही अशीच मागे राहतात. तरी करक्युमिनवरचे आणि बोसवेलिक आम्लांवरचे निबंध या तेलांच्या नावावर खपवले जातात. तुमच्या प्रस्तावनेत असं काही आलं असेल तर काढून टाका.

आता प्लेट. ९६ वेलच्या, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये एका वेलात तुम्ही १०० मायक्रोलिटर मीडिया, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, घेतला असणार. ४२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे त्या वेलात ४.२ मायक्रोग्रॅम तेल. आकारमानाने ते एका मायक्रोलिटरच्या दोनशेव्या भागाइतकं भरतं. एवढ्याशा तेलाला पळून जायला वाटा किती आहेत बघा. थोडं प्लास्टिकच्या भिंतींत मुरतं. थोडं मीडियात घातलेल्या सीरममधल्या (रक्तद्रवातल्या) अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतं. न विरघळलेलं सूक्ष्म थेंब होऊन वर तरंगतं, तर पेशी तळाला असतात. बाकीचं ३७ अंशांवर उडून जातं.

विरघळवण्यासाठी डीएमएसओ हे द्रावक वापरलंत ते ठीक. पण तुम्ही सर्वात जास्त मात्रेचा स्टॉक मीडियात निम्मा-निम्मा करत खाली आलात, असं वर्णनावरून दिसतं. त्याने डीएमएसओसुद्धा प्रत्येक पायरीला निम्मं झालं. वरच्या मात्रेत १ टक्का, खालच्यात नगण्य, आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे तेल न घातलेल्या वेलांत, किती ते लिहिलेलंच नाही. पेशींना ०.१ टक्का चालतं, ०.५ पर्यंत बऱ्याच पेशी सांभाळून घेतात, त्यावर मात्र तेलाचा परिणाम कोणता आणि डीएमएसओचा कोणता हे वेगळं काढता येत नाही. सगळी विरलनं आधी डीएमएसओमध्येच करा आणि प्रत्येकातून सारखंच आकारमान मीडियात घाला, म्हणजे सगळ्या वेलांत आणि कंट्रोलमध्येही डीएमएसओ सारखंच राहील. हे काम काचेच्या छोट्या बाटल्यांत करा. शुद्ध तेल पॉलिस्टायरिनवर सांडलं तर प्लास्टिक धुरकट होतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. टर्पिनं पॉलिस्टायरिन विरघळवतात, आणि मग पेशी तेलाने मेल्या की त्यात उतरलेल्या प्लास्टिकने, हा वाद कोण सोडवणार?

मीडियात घातल्यावर नळी उजेडासमोर धरून बघा. गढूळ दिसली तर तुमच्याकडे द्रावण नाही, इमल्शन आहे. तेलाचा थेंब थेट पेशीच्या पटलावर टेकला की पटल फाटतं. भांडी घासायच्या साबणाने पेशी याच रीतीने मरतात, आणि साबणाला कुणी कर्करोगविरोधी म्हणत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वाफ. उमेदीच्या काळात माझ्याकडे एका तेलाचा इतका देखणा आलेख आला होता की मी तो भिंतीवर लावायचाच बाकी होता. खटकत होतं एवढंच की कंट्रोलच्या रकान्यात पेशी विरळ होत्या, आणि त्या एका बाजूलाच जास्त विरळ होत्या. पिपेटिंग चुकलं असेल म्हणून मी पुन्हा प्लेट लावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मांडणी उलटी केली, तर विरळपणाही बाजू बदलून गेला. सर्वात जास्त मात्रेच्या शेजारी जे कुणी बसेल ते मरत होतं. तेल हवेतून शेजारच्या वेलांत जात होतं. झाकणाखाली सगळ्या ९६ वेलांची हवा एकच असते, हे माहीत असूनही तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जास्त मात्रा वेगळ्या प्लेटवर लावल्या तेव्हा कमी मात्रांचा 'परिणाम' गायब झाला आणि तो देखणा आलेखही गेला.

तेव्हा उडनशील तेलासाठी प्रत्येक मात्रेला शक्यतो वेगळी प्लेट घ्या. ते जमत नसेल तर चिकट फिल्मने वेल बंद करा. पण फिल्म लावली की कार्बन डायऑक्साइड आत जात नाही आणि नेहमीच्या बायकार्बोनेट मीडियाचा पीएच सरकतो, म्हणून मीडियात २० ते २५ मिलिमोलर हेपेस हे बफर घाला. आणि हे काही नाही केलं तरी एक गोष्ट कराच. काही वेलांत फक्त पेशी आणि मीडिया ठेवा, काही जास्त मात्रेच्या अगदी शेजारी आणि काही दूर कोपऱ्याकडे. दोन्हींत फरक दिसला तर प्लेट बाद. कडेच्या वेलांतलं पाणी आटतं म्हणून तिथे नुसतं बफर भरायचं, हे तुम्ही करतच असाल.

एमटीटीबद्दल. ही पद्धत मोसमन यांनी १९८३ मध्ये मांडली. पिवळं टेट्राझोलियम मीठ जिवंत पेशींतल्या विकरांमुळे जांभळं फॉर्मॅझान होतं, ते डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचं. स्वस्त, सोपी, म्हणूनच सर्वत्र. पण ती चयापचय मोजते, मृत्यू मोजत नाही. पेशींची वाढ मंदावली, चयापचय तात्पुरता मंद झाला किंवा पेशी मेल्या, तिन्ही वेळा रीडिंग खालीच येतं. उलटही होतं: युजेनॉलसारखी फिनॉलं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, आणि मेलेली प्लेट जिवंत दिसते. म्हणून पेशींविना तेल, मीडिया आणि एमटीटी असे वेल हवेतच. शिवाय रोज सूक्ष्मदर्शकातून बघा. फोटो काढा. रीडर जे सांगत नाही ते डोळ्यांना दिसतं: पेशी गोल होऊन सुटल्या आहेत, फुगून फुटल्या आहेत की नुसत्या कमी वाढल्या आहेत.

वाढ थांबणं आणि मरणं वेगळं काढण्याची एक साधी युक्ती आहे आणि ती फार कमी जण वापरतात. तेल घालण्याच्या क्षणी एक जादा प्लेट तिथल्या तिथे मोजून टाकायची. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या ६० पेशीरेषांच्या चाचणीत हेच करतात, तिथे अनेक वर्षं एमटीटीऐवजी पेशींतल्या प्रथिनांना चिकटणारा सल्फोरोडामिन बी हा रंग वापरत असत. ४८ तासांनंतरचं रीडिंग त्या शून्य वेळेच्या रीडिंगपेक्षा जास्त असेल तर पेशी मंदावल्या, मेल्या नाहीत. कमी असेल तरच मेल्या म्हणायचं. तुमच्या प्लेटवर पेशी ४८ तासांत एकदा-दीडदा दुपटीला आल्या असतील, तर 'निम्म्या झाल्या' याचा अर्थ 'एकही मेली नाही, फक्त वाढल्या नाहीत' असाही असू शकतो. त्यापुढे पेशी कशाने मेल्या हे बघायचं असेल तर अ‍ॅनेक्सिन-पीआय आणि फ्लो सायटोमेट्री, कॅस्पेस-३ (या पेशीच्या नियोजित मृत्यूच्या, म्हणजे अॅपॉप्टोसिसच्या, तपासण्या), आणि पटल फाटल्याची खूण म्हणून मीडियात सांडलेलं एलडीएच हे पेशीतलं विकर. एलडीएच पहिल्या दोन-चार तासांतच उसळलं तर तेलाने साबणाचं काम केलं असं समजा, आणि नंतर आलेल्या अ‍ॅपॉप्टोसिसच्या पट्ट्यांवर फार भाळू नका.

'तीन वेळा केलं' असं लिहिलंय. एकाच प्लेटवरचे तीन वेल ही तीन वेळा नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या बाटलीत पुन्हा लावलेल्या पिढीच्या) पेशींवर, तेल नव्याने विरल करून तीनदा, तेव्हा तीन होतात. वक्र किमान सहा-आठ मात्रांचा हवा, लॉग मात्रेवर चार घटकांच्या समीकरणाने बसवलेला. सरळ रेषा ओढून काढलेल्या आयसी५०ला परीक्षक हसतील, आणि मीही.

पेशींची ओळखही पटवून घ्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी इतक्या दांडग्या निघाल्या की पुढे कितीतरी प्रयोगशाळांतल्या दुसऱ्याच नावाच्या बाटल्यांत त्या सापडल्या. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीरेषा तर वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि प्रत्यक्षात मेलॅनोमाची (त्वचेच्या कर्करोगाची) निघाली. एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे जिवाणू) तपासणी, दोन्हींचे अहवाल प्रबंधाला जोडा.

आता तुलनेच्या पेशी. तुम्ही 'सामान्य पेशी' म्हणून एचईके-२९३ घेतल्या आहेत. त्या गर्भाच्या मूत्रपिंडातल्या असल्या तरी त्यांच्यात अ‍ॅडेनोव्हायरसचा डीएनए घालून त्या अमर केलेल्या आहेत, आणि स्तनाशी त्यांचा काही संबंध नाही. एमसीएफ-७ समोर एमसीएफ-१०ए, म्हणजे स्तनाच्याच पण कर्करोग नसलेल्या पेशी, ठेवणं जास्त योग्य. तिथेही एक खाच आहे. एमसीएफ-१०ए वेगळ्या मीडियात वाढतात, घोड्याचं सीरम आणि इतर बरंच काही घालून. तेल सीरमला चिकटतं हे वर आलंच. मग एकीकडे १० टक्के सीरम आणि दुसरीकडे ५ टक्के असेल, तर दिसलेला फरक पेशींचा की सीरमचा? तपासणीच्या ४८ तासांपुरतं तरी दोन्हींकडे सीरम सारखं ठेवा आणि ते सोसतं का हे आधी पाहून घ्या. सामान्य पेशींची आयसी५० कर्करोगपेशींच्या निदान दोन-तीन पट असेल तर 'निवडकपणा' हा शब्द काढा. तुमच्या तक्त्यात ४२ विरुद्ध ५१ आहे. याला निवडकपणा म्हणत नाहीत.

४२ हा आकडा चांगला का? कच्च्या अर्कांसाठी २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पुढे जावं, असा ढोबळ निकष बरेच जण वापरतात. त्यात तुम्ही काठाबाहेर आहात. दुसऱ्या बाजूने बघू. तेलात तीन चतुर्थांश सिट्रल धरलं तर ४२ मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे २०० मायक्रोमोलर सिट्रल. डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध याच पेशींवर बहुधा १ मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी मात्रेत काम करतं. सिट्रल हे क्रियाशील अल्डिहाइड आहे, समोर येईल त्या प्रथिनाच्या गंधकाला जाऊन चिकटतं आणि पेशीतला ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू संपवतं. २०० मायक्रोमोलरला ते कर्करोगाची पेशी आणि यकृताची पेशी असा भेद करील, असं मानायला तुमच्याकडे पुरावा नाही. सिट्रल एकटं आणि पूर्ण तेल, दोन्ही शेजारी शेजारी तपासलंत तर निदान एवढं कळेल की बाकीच्या घटकांचा काही वाटा आहे की नाही. मला विचाराल तर प्रकल्पातला खरा रस इथेच आहे.

आता शरीर. पेशींवर ४२ मिलिग्रॅम प्रति लिटर तेल ४८ तास होतं असं क्षणभर मानू. प्रौढ माणसाच्या शरीरात ढोबळ ४२ लिटर पाणी असतं. म्हणजे पावणेदोन ग्रॅम तेल एकाच वेळी सगळ्या शरीरात समान पसरून दोन दिवस जसंच्या तसं टिकलं पाहिजे. तसं होत नाही. पोटात गेलेलं सिट्रल यकृतात झपाट्याने आम्लांत बदलतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. मात्रा वाढवून हे भागत नाही, हेही करून पाहिलेलं आहे. पेरिलिल अल्कोहोल हे अशाच तेलांतलं एक टर्पिन. उंदरांच्या स्तनातल्या गाठी त्याने विरघळत होत्या, म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेत रुग्णांना ते कॅप्सूलमधून दिवसाला काही ग्रॅम देऊन पाहिलं. मळमळ, ढेकरा, थकवा यांनी रुग्ण बेजार झाले आणि दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. पुढे ब्राझीलमध्ये मेंदूच्या ग्लायोमासाठी तेच द्रव्य नाकावाटे देण्याचा मार्ग काढला, कारण पोटातून जाणारी वाट बंद होती. थाळीतून रुग्णापर्यंत जाताना मुळात बदलला तो मार्ग आणि मात्रा, आणि त्यासाठी रेणू एकटा, शुद्ध हातात असावा लागला.

सदाफुलीचंही तसंच. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर मधुमेहावरचं औषध शोधत होते. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आणि त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध निघालं. पॅसिफिक यू झाडाच्या सालीचा नमुना १९६२ मध्ये गोळा केला, त्यातून मिळालेल्या पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ मध्ये छापून आली आणि औषध म्हणून परवानगी मिळाली १९९२ मध्ये. दोन्ही वनस्पतींचीच देणगी, पण दोन्हीकडे रुग्णाला मिळतो तो मिलिग्रॅममध्ये मोजलेला एक रेणू. सदाफुलीचा काढा पिऊन ल्युकेमिया बरा होत नाही, विषबाधा होऊ शकते.

तुमच्या घरच्या रुग्णाबद्दल एवढंच. उडनशील तेलं सुगंधी असली तरी पोटात ती सौम्य नसतात. निलगिरीचं तेल काही मिलिलिटर पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येतात, लवंगेच्या तेलाने यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपी चालू असताना यकृत आधीच कामाला जुंपलेलं असतं, तोंड-आतड्यांचं अस्तर नाजूक झालेलं असतं. त्यावर गवती चहाचं शुद्ध तेल घालू नका. रुग्णाने आधीच काही सुरू केलं असेल तर न रागावता विचारून घ्या आणि बाटलीच नेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. तेलाचा नुसता वास घेऊन मळमळ कमी वाटते असं रुग्ण म्हणत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्यात मी तरी आडवा येणार नाही.

प्रबंधासाठी, वरच्या दुरुस्त्या करून प्लेटा पुन्हा लावल्यावर आकडा टिकला तर वाक्य असं लिहा: '... टक्के सिट्रल असलेल्या गवती चहाच्या तेलाने बंद प्लेटमध्ये, ... टक्के सीरम असताना, ४८ तासांत एमसीएफ-७ पेशींचा चयापचय ... मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या नाममात्र मात्रेला निम्म्यावर आणला. एमसीएफ-१०ए पेशींत हीच मात्रा... होती.' 'नाममात्र' हा शब्द मार्गदर्शकांनी खोडला तरी पुन्हा घाला.